काठी धरणारा हात

एस्क्रिमा या फिलिपिन्समधल्या काठीच्या युद्धकलेच्या सरावात वारासाठी सर्वांत आधी दाखवले जाते ते समोरच्याचे मनगट. सुमारे ७० सेंटिमीटर लांबीच्या काठ्या घेऊन दोन माणसे समोरासमोर उभी राहिली, की एकमेकांच्या सर्वांत जवळ असतो तो शस्त्र धरलेला हात. डोके आणि धड त्याच्या बरेच मागे असतात. तो हात निकामी झाला की शस्त्र गळून पडते आणि लढत तिथेच संपते. फिलिपिनो परंपरेतले शिक्षक याला सापाचे दात पाडणे म्हणतात. मी ही कला काही वर्षे शिकतो आहे आणि जितके शिकतो तितके माझे एक मत पक्के होत जाते. या कलेचा इतिहास, तिची काठी, तिची चिलखते आणि दुखापतीनंतरचे उपचार या सर्वांच्या मुळाशी एकच अडचण आहे: ज्या हातावर वार करायला शिकायचे तो जोडीदाराचा हात असतो, आणि त्याला पुढच्या सरावालाही तोच हात लागणार असतो.

लुझॉन बेटावर ही कला बहुधा आर्निस या नावाने ओळखली जाते, सेबू, नेग्रोस वगैरे विसाया बेटांवर एस्क्रिमा या नावाने, तर अमेरिकेत आणि तिथून जगभर पसरलेल्या शाखांमध्ये काली हे नाव अधिक चालते. फिलिपिन्सच्या संसदेने संमत केलेल्या प्रजासत्ताक कायदा क्रमांक ९८५० वर राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया मकापगाल आरोयो यांनी ११ डिसेंबर २००९ रोजी स्वाक्षरी केली आणि आर्निस ही त्या देशाची राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय क्रीडा ठरली. ही सारी नावे एकाच कुळातली आहेत हे त्या कायद्यानेही मान्य केले आहे. त्यामुळे नावावरून होणाऱ्या वादात मला फारसा रस नाही, आणि या लेखात मी ती सैलपणेच वापरणार आहे.

उगमाचा प्रश्न मात्र इतका सहज सोडता येत नाही. बहुतेक शाळांमध्ये सांगितली जाणारी कथा २७ एप्रिल १५२१ रोजी मक्तान बेटाच्या किनाऱ्यावर सुरू होते, जिथे लापुलापू या स्थानिक सरदाराच्या योद्ध्यांनी स्पेनच्या मोहिमेचा प्रमुख असलेला दर्यावर्दी फर्डिनंड मॅगेलन याला ठार केले. त्या लढाईचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त मॅगेलनच्या ताफ्यातला इटालियन लेखक आंतोनियो पिगाफेत्ता याने लिहून ठेवला आहे. त्यात बांबूचे भाले, आगीत टोके टणक केलेले खांब, बाण, दगड आणि रुंद पात्याची हत्यारे आहेत. वेताच्या काठ्या कुठेही नाहीत. तरीही त्यातला एक तपशील मला नेहमी थांबवतो. मॅगेलनने तलवार उपसण्याचा प्रयत्न केला, पण दंडावर भाल्याची जखम झालेली असल्यामुळे ती म्यानातून अर्धीच बाहेर आली, असे पिगाफेत्ता नोंदवतो. त्यानंतर पायावर वार झाला आणि तो पालथा कोसळला. लापुलापूची माणसे आर्निस खेळत होती असे यावरून सिद्ध होत नाही, आणि तसे म्हणण्याचा माझा आग्रहही नाही. पण शस्त्र धरणारा हात जायबंदी झाला की पुढचे सारे किती झटपट घडते, याचे याहून जुने लिखित वर्णन त्या बेटांवरून मी वाचलेले नाही.

१५६५ पासून १८९८ पर्यंत चाललेल्या स्पॅनिश सत्तेचा ठसा आज शिकवल्या जाणाऱ्या पद्धतींवर उघड दिसतो. एका हातात लांब आणि दुसऱ्या हातात आखूड शस्त्र घेऊन लढण्याच्या प्रकाराला एस्पादा इ दागा म्हणतात. वारांना क्रमांक असतात आणि आकडे उच्चारून ते घोटले जातात. अंतरांची नावे लार्गो (लांब), मेदियो (मध्यम) आणि कोर्तो (जवळचे) अशी आहेत. दुसरीकडे कांपिलान, बोलो, क्रिस ही पाती स्थानिक आहेत, आणि दोन काठ्या आलटून पालटून फिरवण्याच्या सिनावाली या प्रकाराचे नाव बांबूच्या पट्ट्यांच्या विणलेल्या भिंतींवरून आलेले आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत दक्षिणेकडच्या सुलू आणि मिंदानाओ बेटांकडून विसायाच्या किनाऱ्यांवर गुलाम पकडण्यासाठी सतत धाडी पडत असत. सेबूच्या दक्षिण किनाऱ्यावर बोल्होऑन आणि आसपासच्या गावांमध्ये टेहळणीचे दगडी बुरूज बांधले गेले, आणि हुलियान बेर्मेहो या धर्मगुरूने गावकऱ्यांना संघटित करून किनाऱ्याचे संरक्षण उभे केले. विसायातल्या एस्क्रिमाची आजची घडण याच काळात, स्पॅनिश तलवारबाजी आणि स्थानिक पाती यांच्या मिश्रणातून झाली, असे मांडणारे अभ्यासक सेबूतच आहेत. मला हे म्हणणे पटते, कारण ते कलेच्या आतल्या खुणांशी जुळते.

याच्या जोडीला आणखी एक कथा सांगितली जाते, की स्पॅनिशांनी या कलेवर बंदी घातल्यामुळे ती मोरो-मोरो नाटकांतल्या आणि नृत्यांतल्या लढायांमध्ये लपून टिकली. त्या नाटकांमध्ये ख्रिस्ती आणि मोरो, म्हणजे मुस्लिम, सैन्यांच्या लुटुपुटूच्या लढाया रंगत असत हे खरे आहे. परंतु ज्या देशात नारळ सोलायला, ऊस तोडायला आणि रान साफ करायला प्रत्येक शेतकऱ्याच्या कमरेला बोलो असे, तिथे पाते चालवण्याचे कौशल्य नाटकाच्या आडोशाने जगवावे लागले असेल, असे मला वाटत नाही. शेतीची अवजारेच ते जगवायला पुरेशी होती.

विसाव्या शतकात आपण खऱ्या अर्थाने नोंदींच्या भूमीवर येतो. १९३२ साली सेबूमध्ये सावेद्रा आणि कान्येते या घराण्यांनी इतर एस्क्रिमादोरांसह, म्हणजे एस्क्रिमा जाणणाऱ्यांसह, दोसे पारेस ही संस्था स्थापन केली. पुढे मतभेद झाले, आणि व्हेनान्सियो बाकोन यांनी १९५२ मध्ये सेबू शहरातल्या ज्या रस्त्यावर आपला वर्ग सुरू केला, त्या रस्त्याच्या नावावरून त्यांच्या पद्धतीला बालिंतावाक हे नाव पडले. दोसे पारेसमध्ये अनेक प्रकार एकत्र नांदत होते, तर बाकोन यांनी सर्व लक्ष एकाच काठीवर आणि अगदी जवळच्या अंतरावर केंद्रित केले. दोन्ही गटांतली चुरस दीर्घकाळ टिकली, आणि त्या काळी संरक्षक साधनांशिवाय, फारसे नियम नसलेल्या लढतीही होत असत. त्यांना हुएगो तोदो म्हणत.

बालिंतावाकमध्ये आगाक नावाची शिकवण्याची पद्धत आहे आणि ती मला या साऱ्या कुळातली सर्वांत विचारपूर्वक घडवलेली पद्धत वाटते. शिक्षक आपल्या काठीने सतत वार पुरवत राहतो, वेग आणि दिशा बदलतो, मध्येच डाव्या हाताने शिष्याची काठी दाबतो किंवा खेचतो, आणि प्रत्येक वार शिष्याच्या अंगापासून जेमतेम दूर थांबवतो. शिष्याचे काम प्रतिसाद देण्याचे असते. धोका शिष्याला स्पष्ट जाणवावा आणि तरीही त्याला इजा होऊ नये, यासाठी शिक्षकाच्या मनगटावर जो ताबा लागतो, तो मिळवायला वर्षे जातात. येथे चिलखताची जागा शिक्षकाच्या कौशल्याने घेतलेली असते.

नेग्रोस बेटावरच्या हिनिगारान गावचे रेमी प्रेसास यांनी वेगळा मार्ग काढला. जुन्या वर्गांत काठी थेट हातावर पडत असे, आणि त्यामुळे नवखे विद्यार्थी टिकत नसत. प्रेसास यांनी नवख्यांना आधी काठीवर काठी मारायला शिकवले आणि अनेक पद्धतींतले डाव एकत्र करून मॉडर्न आर्निस उभे केले. यामुळे कला बोथट झाली अशी टीका आजही ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे, कारण काठीचा वेध घेण्याची सवय लागली की आपण समोरच्याच्या हातापासून वीतभर लांब वार करू लागतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. तरीही मी प्रेसास यांच्या बाजूने आहे. शाळांच्या व्यायामवर्गात ही कला पोहोचली आणि २००९ चा कायदा होण्याइतका तिचा प्रसार झाला, यात शिकणाऱ्याचा हात शाबूत राखणाऱ्या या बदलाचा वाटा मोठा आहे.

समुद्रापलीकडे ही कला शेतमजुरांबरोबर गेली. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन परिसरात शेतात राबणाऱ्या फिलिपिनो कामगारांमध्ये अनेक जाणते एस्क्रिमादोर होते, पण ते बाहेरच्यांना शिकवत नसत. आंखेल काबालेस यांनी १९६६ मध्ये तिथे सर्वांसाठी खुला वर्ग सुरू केला. त्याच स्टॉकटनमध्ये जन्मलेले डॅन इनोसांतो यांनी पुढे काली हे नाव जगभर नेले.

आता काठीकडे वळतो, कारण तिच्याविषयी लिहायला मला खरोखर आवडते. सरावाची काठी वेताची असते. तिला बास्तोन किंवा विसायात ओलिसी म्हणतात. लांबी साधारण ६६ ते ७१ सेंटिमीटर आणि जाडी सुमारे अडीच सेंटिमीटर. वेत ही वर चढणारी पाम जातीची वनस्पती आहे आणि तिचा दांडा आतून भरीव असतो. बांबू मात्र गवताच्या कुळातला आणि पोकळ. हा फरक शिकणाऱ्याच्या डोळ्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण बांबू फुटला की त्याच्या धारदार कामट्या उडतात, तर वेताचे उभे तंतू मार खाऊन हळूहळू पिंजत जातात आणि काठी अखेरीस केरसुणीच्या टोकासारखी होते. काठी कधी बाद करायची हे ती स्वतःच दाखवते. जोरात आपटलेल्या दोन काठ्यांमधून घर्षणामुळे जळका वास येतो. वेगाने चाललेल्या सिनावालीत तो सहज जाणवतो आणि नवख्यांना त्याचे फार आश्चर्य वाटते.

काठी निवडताना पेरांमधले अंतर, सरळपणा आणि वजन पाहावे. दोन सारख्याच दिसणाऱ्या काठ्यांच्या वजनात बराच फरक निघू शकतो, म्हणून दुहेरी काठीच्या सरावासाठी जोडी हातात तोलूनच घ्यावी. साल ठेवलेली काठी टणक आणि गुळगुळीत असते, सोललेली थोडी मऊ. आगीवर शेकलेल्या काठ्यांवर तपकिरी नक्षी उमटते आणि पृष्ठभाग कडक होतो. फार कोरड्या हवेत वेत हलका आणि ठिसूळ होत जातो. अधूनमधून जवसाच्या तेलाचा हात फिरवला तर काठी अधिक काळ टिकते. काही जण मार बसणाऱ्या भागावर चिकटपट्टी गुंडाळतात, त्याने आयुष्य वाढते खरे, पण आतले तंतू तुटलेले दिसत नाहीत; त्यामुळे मी ती वापरत नाही. मुठीच्या खाली दोन-तीन बोटे रुंदीचा भाग मोकळा सोडतात. त्याला पुन्यो म्हणतात, आणि जवळच्या अंतरावर अडकवण्यासाठी, ओढण्यासाठी किंवा ठोसण्यासाठी तोच उपयोगी पडतो.

कामागोंग आणि बाही या कठीण लाकडांच्या काठ्याही मिळतात. कामागोंगचे लाकूड काळसर, इतके घट्ट की पाण्यात बुडते; फिलिपिन्समध्ये ते झाड संरक्षित आहे आणि ते तोडायला परवाना लागतो. अशी काठी जोडीदाराबरोबर वापरू नये. वेत आघाताचा काही भाग स्वतः झेलतो, कठीण लाकूड तो सगळा समोरच्याच्या हाडांकडे पाठवते. एकट्याने संथ सराव करताना मनगटाला बळ यावे म्हणून ती ठीक आहे, तेही कोपराची तक्रार नसेल तर.

संरक्षक साधनांचा प्रश्न स्पर्धांमुळे ऐरणीवर आला. मार्च १९७९ मध्ये सेबू शहरात राष्ट्रीय पातळीवरची पहिली खुली आर्निस स्पर्धा झाली, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस एस्क्रिमा, काली, आर्निस या तिन्ही नावांना एकत्र आणणारा वेकाफ हा जागतिक महासंघ स्थापन झाला. त्याच्या लढतींत खरी वेताची काठी असते, त्यामुळे जाळीचे शिरस्त्राण, मांडीपर्यंत येणारा जाड अस्तराचा अंगरखा आणि भरलेले हातमोजे आवश्यक ठरतात. स्पर्धेचा दुसरा प्रवाह फोम गुंडाळलेली काठी वापरतो. आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांमध्ये २००५ साली मनिलात आर्निसला पदके मिळू लागली, आणि २०१९ मध्ये यजमान फिलिपिन्सने या खेळात १४ सुवर्णपदके जिंकली.

चिलखताने खेळाडू वाचतात, पण वागणे बदलते. अंगावरचा अंगरखा वार शोषून घेतो हे कळले, की खेळाडू समोरचा वार चुकवण्याऐवजी त्याच वेळेत दोन वार अधिक मारण्याचा हिशेब करू लागतो. त्या काठीच्या जागी पाते असते तर दोघेही पहिल्या क्षणात संपले असते. हातमोजे जाड झाले की हातावरचा वार कोणी मोजतच नाही, म्हणजे ज्या लक्ष्यापासून ही कला सुरू होते तेच नाहीसे होते. म्हणून माझ्या मते सरावात साधने कमी आणि वेग त्याहूनही कमी ठेवावा. दैनंदिन जोडीच्या सरावाला डोळ्यांसाठी खेळाचा मजबूत चष्मा आणि बोटांवर पातळ गादी असलेले हातमोजे पुरेसे आहेत. पूर्ण वेगाने लढायचे असेल त्या दिवशी सर्व काही चढवावे, आणि तेव्हा तलवारबाजीच्या जाळीदार मुखवट्यावर विसंबून राहू नये, कारण तो टोचणाऱ्या पात्यासाठी बनवलेला असतो. काठीचा दणका तो पुरेसा अडवत नाही, आणि डोक्याची मागची बाजू त्यात उघडीच राहते.

इतके करूनही हात दुखावतातच. सर्वाधिक मार बोटांच्या पेरांवर, अंगठ्यावर आणि मनगटाच्या बाहेरच्या हाडावर बसतो. फिलिपिन्समध्ये अनेक जुने एस्क्रिमादोर हिलोतही जाणत. हिलोत ही तिथली मालिशीची आणि सांधे बसवण्याची पारंपरिक विद्या, जिच्यात खोबरेल तेल वापरतात. पारंपरिक उपचारांच्या अभ्यासासाठी आणि विकासासाठी त्या देशाने १९९७ मध्ये स्वतंत्र कायदाही केला. आखडलेल्या दंडावर आणि खांद्यावर अशा मालिशीने आराम मिळतो. पण ताज्या, सुजलेल्या मुक्या मारावर जोराने चोळणे मी टाळतो; खोल स्नायूत साकळलेले रक्त रगडले तर सूज वाढते, आणि क्वचित त्या जागी हाडासारखा कठीण भाग तयार होतो.

काही खुणा दिसल्या तर घरगुती उपाय बाजूला ठेवून क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. एका ठरावीक बिंदूवर हाड दाबले असता तीव्र कळ येणे ही पहिली. हलकी मूठ वळताना एखादे बोट फिरून शेजारच्या बोटावर चढणे ही दुसरी, कारण तळहाताचे हाड वळून तुटले असेल तर असेच दिसते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खोबणीत दुखत असेल तर तिथले छोटे नौकाकृती हाड मोडलेले असू शकते. ते पहिल्या चित्रात कधीकधी दिसत नाही, म्हणून दुखणे राहिले तर पुन्हा तपासावे लागते. बोटाचे टोक खाली लोंबकळून स्वतःहून सरळ होत नसेल तर कंडरा तुटलेली असते, आणि ते बोट सहा ते आठ आठवडे अखंड सरळ पट्टीत ठेवावे लागते. मध्येच एकदा वाकवले तरी मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते. डोक्याला मार बसून गरगरले किंवा गोंधळल्यासारखे झाले तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवायचा, यात तडजोड नाही.

साध्या मुक्या माराला फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा, हात उंच ठेवावा आणि बोटे हलती ठेवावीत. बर्फाने वेदना कमी होते. बरे होण्याचे काम शरीर आपल्या गतीने करते. मारापेक्षा चिवट दुखणे असते ते कोपराच्या बाहेरच्या बाजूचे, ज्याला सगळे टेनिस एल्बो म्हणतात. काठी सतत आवळून धरल्याने आणि आघाताच्या क्षणी मनगट ताठ ठेवल्याने ते बळावते. पूर्ण विश्रांतीने ते तात्पुरते शमते आणि काठी हातात घेताच परत येते. त्यापेक्षा हलके वजन घेऊन मनगट सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम आठवड्यामागून आठवडे वाढवत नेणे हे कंडरेला अधिक मानवते. मूठ सैल ठेवून तर्जनी आणि अंगठ्याच्या पकडीत काठी फिरू द्यायची आणि केवळ वार लागतानाच आवळायची, ही शिक्षकांची जुनी सूचना कोपरासाठीही तितकीच उपकारक आहे.

एक हात बंद असताना सराव बंद ठेवावा लागत नाही. जमिनीवर त्रिकोण कल्पून त्याच्या रेषांवर टाकायची पावले तर काठीशिवायच घोटता येतात, आणि डाव्या हाताने एकेरी काठीचे बारा वार संथपणे काढले तर एरवी दुर्लक्षित राहणारा तो हात सुधारतो. दुखावलेल्या हाताची मूठ पुन्हा पूर्ण वळू लागली आणि पिळलेल्या फडक्याची पकड वेदनेशिवाय जमू लागली की हवेत वार, मग टांगलेल्या टायरवर हलके वार, मग जोडीदाराबरोबर संथ सिनावाली असा क्रम मी पाळतो. टायरवरचा आघात दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला सुजवत नसेल तरच जोडीदारासमोर उभे राहावे, आणि पहिल्या काही सत्रांत त्याला आधीच सांगून ठेवावे की आज वार काठीवरच घ्यायचे आहेत, मनगटावर नाहीत.